शालनची कंपनी

या, अशा जवळ येऊन बसा. आजारी माणसाला भेटायला येता आणि दारातूनच "बरं आहे ना?" विचारून चपला शोधायला लागता, हे काय वागणं झालं? माझं दुखणं काही चिकटायचं नाही. खुब्याचं हाड मोडलंय, एवढंच. टेकलात तर शालनचं सांगते. माझं सगळं तीच करायची.

शालन मला माणूस समजत नसे, माल समजत असे. वाईट अर्थानं नाही हो. ती कारेगावची. रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला अर्धं आयुष्य काढलेलं. लाइन बंद पडली, बायकांना घरी बसवलं, तेव्हा तिनं इथं शिरूरला येऊन पेशंट सांभाळायचं शिकून घेतलं. काम बदललं, तोंड कंपनीतलंच राहिलं. सकाळी आली की पलंगाच्या दांडीवर टकटक करून म्हणायची, "चला आज्जी, लाइन चालू." जेवण म्हणजे लोडिंग. कुशीवर वळवणं म्हणजे पलटी. पाठीवर मोबाईलची बॅटरी मारून कातडीला कुठं लाली आलीय का बघायची आणि निकाल द्यायची, "ओके पीस. माझ्या हातनं डॅमेज माल अजून भायेर गेल्याला न्हाई." आणि सकाळी पोट साफ होण्याला तिचा शब्द होता डिस्पॅच.

हा शब्द तिनं हळू उच्चारला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण मशीनच्या आवाजावर बोलायची सवय. आज डिस्पॅच झाला नाही, हे ती माझ्या मुलाला अंगणापर्यंत ऐकू जाईल असं सांगायची. शेजारच्या मास्तरांनी एकदा मुलाला बाजूला घेऊन विचारलं, घरून रोज काय पाठवता? मसाले की लोणची? मुलगा गडबडला आणि म्हणाला, आईचंच असतं. मास्तर म्हणाले, वा, या वयात उद्योग करतात, दिवाळीला आमच्यासाठी ठेवा थोडं. हसा, हसा तुम्ही. मी मात्र त्या दिवशी डोक्यावरून पांघरूण घेतलं ते दिवेलागणीपर्यंत काढलं नाही.

आमच्या वेळच्या बाईचं अंग तिच्या नवऱ्यानंसुद्धा उजेडात पाहिलेलं नसतं. पहिल्या दिवशी आंघोळीसाठी शालननं माझ्या गाऊनची बटणं सोडायला घेतली आणि मी डोळे गच्च मिटले. नुसते मिटले नाहीत, पाणी आलं. तिचे हात थांबले. म्हणाली, "आज्जी, तुमी डोळं झाकलं ना? म्या बी झाकलं. आता बगाया कोनच न्हाई." आणि खरोखर डोळे झाकून तिनं तांब्या ओतला, तो सगळा माझ्या कानात. मी ओरडले, ती हसली, मग मलाही हसू फुटलं. लाज काही गेली नाही, पण तिला सोबत मिळाली.

एक मात्र मला कळत नव्हतं. येताना हिच्या अंगात कंपनीचा निळा ॲप्रन, गळ्यात जुनं ओळखपत्र. आमच्याकडे आली की दोन्ही काढून खुंटीला, संध्याकाळी जाताना पुन्हा अंगावर. विचारलं की म्हणे, सवय हाय.

खरं कळलं ते तिची विहीण आजारी पडली तेव्हा. शालनची लेक सोनाली दौंडला दिलेली, जावई रेल्वेत. लग्न जमत होतं तेव्हा लेकीनंच बजावलं होतं, तुझं हे काम तिकडे सांगू नकोस, कंपनीतच आहे म्हण. लोकांचं हगलं-मुतलं काढणारीची पोर म्हणून मला नावं ठेवतील. त्यात जावयाचं आजोळ नेमकं कारेगावातच. म्हणून शालन, दुसऱ्या लाइनवर घेतलंय असं सांगून, रोज सगळ्यांच्या देखत ॲप्रन घालून कंपनीत निघायची आणि माझ्या घरी यायची.

तर विहिणीला लकवा झाला. शालन एसटीनं दौंडला भेटून आली. दुसऱ्या दिवशी तोंडात ना लोडिंग, ना पलटी. नुसती माझे केस विंचरत होती. मी विचारलं, कशा आहेत विहीणबाई?

"वल्ल्यात पडल्या व्हत्या, आज्जी. मला वासावरनंच कळलं. पोरीला उचलाया जमत न्हाई, ती नाकाला ओढणी लावून हुबी. आन् मला खुर्ची दिली, विहीणबाई म्हनून. म्या बसून चा प्याले."

"मग?"

"मग काय. कप ठिवला आन् आले."

आपल्यात विहिणीचा मान केवढा असतो. ती आली की सतरंजी टाकायची, आधी तिचं ताट वाढायचं. तिनं विहिणीचं अंथरूण बदलायचं म्हणजे दोघींनाही पुन्हा मान वर करता यायची नाही. शालननं मला विचारलं, जाऊ का? गेले तर पोरीचं खोटं उघडं पडतंय. न गेले तर त्या बाईची पाठ सडतीय.

मी लगेच जा म्हणायला हवं होतं. मला आधी माझीच पाठ आठवली. मी गप्प राहिले, आणि ते तिनं पाहिलं. मग म्हणाले, जा. पण त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

पुढचं तिनं फोनवर सांगितलं. तिनं लेकीला आणि जावयाला खोलीबाहेर काढलं, बाह्या मागे सारल्या. विहीणबाईंना बोलता येत नाही. पण शालनच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं, आणि चालत्या हातानं त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. शालनला कंपनीतला एक शब्द सुचेना. शेवटी म्हणाली, "विहीणबाई, म्या कंपनीत न्हाई. म्या हेच करते. खोटं बोलल्याची मला बी लाज वाटती." त्यांनी पदर सोडला. मग त्याच हातानं त्यांनी शालनचं मनगट धरलं आणि काम होईस्तोवर सोडलंच नाही. "समदं येका हातानं केलं बगा," शालन म्हणाली.

सोनाली बरेच दिवस आईशी बोलली नाही. आता शेजारणींना सांगते, आई आलीय सासूबाईंचं करायला. शालन म्हणते, त्यात खोटं काय हाय?

माझ्याकडे आता दुसरी बाई येते. चोख आहे, मला मॅडम म्हणते, काम झालं की मोबाईल घेऊन बसते. शालनचा फोन येतो, नीट चाललंय ना म्हणून विचारते. मी म्हणते, अगदी छान, तू तिकडंच राहा, घाई करू नकोस. फोन ठेवला की वाटतं, एवढं वय झालं, साधं ये म्हणायची लाज कसली वाटते मला? म्हणून तुमच्या मोबाईलमध्ये हे भरून घ्या आणि तिला पाठवा, ती नक्की ऐकेल. शालन, विहीणबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवता यायला लागलं की त्यांना घेऊनच ये. दुसरा पलंग मी खिडकीशी टाकायला सांगते. दोघी शेजारी शेजारी पडून राहू. पण ये गं लवकर.