कुलूप कोनाचं हाय?

आमच्या प्रेसमधले नारखेडेकाका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी मॉनिटरच्या काठावर दोनदा टकटक करायचे. खुर्ची रिकामी असली तरीही. मग जरा थांबून विचारायचे, "कुलूप कोनाचं हाय?"

मलकापुरातल्या त्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये मी नऊ वर्षं ऑपरेटर होतो. आता घरी बसून कामं करतो, कुलूप कोणाचं असं कोणी विचारत नाही आणि मला ते मुळीच आवडत नाही. तिथे सहा कॉम्प्युटर होते आणि पाण्याच्या माठाशेजारी एक सर्व्हर. साऱ्या पत्रिका त्या सर्व्हरवर. तो शेठनी विकत घेतला होता एवढंच. बाकी सर्व्हर काकांचा.

आधी कुलूपबिलूप काही नव्हतं. एकदा एकच पत्रिका मी आणि प्रमिलाताईंनी एकाच वेळी उघडली. मी कार्यालयाचं नाव बदललं, त्यांनी मुहूर्त बदलला. त्यांनी माझ्यानंतर सेव्ह केलं आणि माझं नवं कार्यालय पुसलं गेलं. मोताळ्यात अर्धं वऱ्हाड जुन्या कार्यालयात गेलं, तिथे भलत्याचंच लग्न होतं, आणि ही मंडळी जेवूनही आली.

त्यानंतर काकांनी शिस्त लावली. जो आधी पत्रिका उघडेल, त्याच्या नावाचं कुलूप तिला लागणार. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. त्याने पत्रिका बंद केली की कुलूप सुटणार. पण माणूस पत्रिका उघडी टाकून घरी गेला की पंचाईत. काका ते कुलूप एका झटक्यात तोडू शकत होते, पण तोडतील तर शपथ. "मालक जिता हाय ना? मंग त्याले इचारल्याबिगर काऊन तोडाव?" एकदा प्रमिलाताई फोन उचलेनात, तर काका स्कूटरवर त्यांच्या घरी गेले. ताई गच्चीवर कुरडया घालत होत्या. खालूनच परवानगी मागितली, चहा घेतला, परत येऊन कुलूप सोडलं. गिऱ्हाईक तासभर बाकावर.

लाईट जाऊन आली की तर सोहळाच. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पहिलं दीड मिनिट तो कोणाला नवं कुलूप देत नसे. "आंधी जुन्या मालकाइनं आपापलं सांगाव. तोवर नवीन कोनी हात लावाचा नाई." आम्ही शाळेतल्या प्रार्थनेसारखे मांडीवर हात घेऊन बसायचो. काका मात्र खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर जायचे आणि आमच्याकडे पाठ करून काहीतरी टाइप करायचे.

तो कॉम्प्युटर त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा. प्रेसमधला सर्वांत चांगला हात तिचा. काकांनी तिचं लग्न ठरवलं तेव्हा स्वतःची पत्रिका तीच त्यावर लावत होती. एका दुपारी ती अर्ध्यातून उठली आणि दुसऱ्या दिवशी खामगावात आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. काकांनी तिचं नाव टाकलं. सहा वर्षं बापलेकीत अक्षराचं बोलणं नाही. पण तो कॉम्प्युटर काका कोणाला बंद करू देत नसत. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याची सनक.

मग शेठनी नवा सर्व्हर आणला. सगळं त्यावर हलवायचं तर आधी सारी कुलपं सुटायला हवीत. मी यादी काढली. एकच उरलं होतं. मालक : सुनंदा. पत्रिका : तिचीच.

दर वेळी त्या दीड मिनिटात काका काय टाइप करत होते, ते मला तेव्हा कळलं. मुलीच्या वतीने ते तिचं कुलूप मागून घेत होते. आपण सनक म्हणून हसलो याची मला फार लाज वाटली.

शेठ म्हणाले, "काका, तोडून टाका ना. सहा साल झाले."

"मालक जिती हाय, शेठ."

"मंग इचारा तिले."

शेठ सहज बोलून गेले. पण आयुष्यभर आम्हाला लावलेला नियम काकांच्याच पुढ्यात येऊन उभा होता. प्रमिलाताईंनी आपल्या फोनवरून सुनंदाचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

काकांनी आधी टेबलावर दोनदा टकटक केली. सवयच ती.

"सुनंदा, मी बोलून राह्यलो. इथं तुह्या नावाचं एक कुलूप हाय." "सोडू काय?"

काका दीड मिनिट मोजत असल्यासारखे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"सोडू नोका, बाबा. मी येतो. माह्या हातानं सोडतो."

काकांनी फोन ताईंना परत दिला. "थांबा लागते, शेठ," ते म्हणाले. "मालक येऊन राह्यली." आणि गळ्यातला रुमाल काढून खिडकीजवळची खुर्ची पुसायला लागले.