कुरडयांवरचा कॅमेरा

तिसऱ्या दिवशी सकाळी दिनकररावांनी भिजवलेल्या गव्हाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि भिंतीपलीकडून धुरपताबाईंचा आवाज आला, "सर, तुमच्या घरात काही मेलंय का?"

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. दिनकररावांच्या पत्नी नर्मदाबाईंना जाऊन चारच महिने झाले होते. धुरपताबाईंनी जीभ चावली असावी, कारण पुढचं वाक्य फार हळू आलं. "उंदीरबिंदीर म्हणायलेय मी."

"गहू भिजवलेत," दिनकरराव म्हणाले. "कुरडयांसाठी."

"पाणी बदलायलाव ना रोज?"

दिनकररावांनी पातेल्यात पाहिलं. पाणी रोज बदलायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "बदलतो की," ते म्हणाले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस खोटं बोलला नव्हता. निवृत्तीनंतर बोलला, तेही गव्हाच्या पाण्यावरून.

या प्रकाराची सुरुवात पाडव्याला झाली होती. लेक गीता नांदेडहून आली होती. स्वयंपाकघरातली चार खरकटी भांडी, ताकाच्या गंजात बुडलेला चष्मा आणि सलग सहा दिवसांच्या खिचडीचा वास एवढं पाहून ती म्हणाली, "अण्णा, बॅग भरा. इथं एकटं राहायचं नाही."

"मला सगळं येतं."

"कुरडया येतात?"

हा प्रश्न तिनं सहज विचारला नव्हता. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या आईच्या नावानं पहिलं पान वाढायचं होतं, आणि नर्मदाबाईंच्या घरी कुरडईशिवाय आखिती कधी झाली नव्हती. दिनकरराव म्हणाले, "येतील." मग लगेच, हेडमास्तरच्या आवाजात, "सगळं पान मी एकटा करीन. कुरडयांसकट. कुणाची मदत न घेता. जमलं तर मी जिंतूर सोडणार नाही. नाही जमलं तर तुझ्याबरोबर एसटीत बसतो."

"बघा बरं. परीक्षक मी हाय."

"मी परीक्षेला कधी भ्यालो नाही," दिनकरराव म्हणाले. ते खरंच होतं. मुलं भ्यायची. तालुक्यात त्यांची ख्याती अशी, की कॉपीची चिठ्ठी खिशातून निघायच्या आत त्यांना तिचा वास यायचा. सख्ख्या पुतण्याला त्यांनी पेपरातून उठवलं होतं. गीता सातवीत असताना गणितात दोन मार्कांनी गेली, तर शाळेतल्या सगळ्यांनी सांगूनही त्यांनी ते दोन मार्क दिले नाहीत. नर्मदाबाई त्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नव्हत्या.

तर, वासाच्या गव्हाचा चीक निघाला. तो शिजवताना ढवळायला दोन हात पुरत नाहीत, हे त्यांना चीक पातेल्याला चिकटल्यावर कळलं. गुठळ्या झाल्या. गुठळ्या सोऱ्यात अडकल्या. सोऱ्या दाबता दाबता दिनकररावांनी एकदा त्याच्यावर गुडघा ठेवून पाहिला, आणि नेमका तोच गुडघा दुखरा होता. अखेर गच्चीवर नर्मदाबाईंची आंबाकाठाची हिरवी साडी अंथरून त्यांनी तिच्यावर एकवीस कुरडया घातल्या. कुरडई जाळीदार आणि गोल असते म्हणतात. या एकवीसही वेगवेगळ्या आकाराच्या होत्या आणि त्यातली एकही गोल नव्हती.

दुपारी वानरं आली. मोठ्या हुप्प्यानं एक कुरडई उचलली, चावली, थोडा विचार केला आणि होती तिथं परत ठेवली. दिनकररावांना हे चोरीपेक्षा जास्त लागलं. तरी चांगलं-वाईट न पाहणारी लहान वानरं होतीच, आणि राखण करायला दिवसातून वीस वेळा जिना चढणं त्या गुडघ्याला झेपणारं नव्हतं.

त्यांनी नागनाथला बोलावलं. नागनाथ त्यांचा जुना विद्यार्थी. आता टीव्ही दुरुस्त करायचा आणि लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा. शुक्राचा अस्त असल्यामुळं लग्नं थांबली होती आणि कॅमेरा घरी पडून होता.

"सर, कॅमेरा गच्चीवर ठेवू. तुमी खाली खाटेवर पडून टीव्हीत कुरडया बघा. वानर दिसलं की जिन्यातून हाळी द्या."

"आणि वायर?"

"माझी वायर दहाच हात हाय. पण मी एक डबी बनवलीय. वायर लागतच न्हाई. हवेतून चित्र येतं." त्यानं काडेपेटीएवढी डबी कॅमेऱ्याला जोडली, तिला तारेचा तुकडा बांधला, वर प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि खाली येऊन टीव्हीची कळ फिरवली. आधी मुंग्या दिसल्या, मग एकवीस कुरडया. "आवाज बी येतो. वानर खोकलं तरी ऐकू येईल."

"हवेतून येतं म्हणजे कुठवर येतं?"

"तुमच्या टीव्हीवर, सर," नागनाथ म्हणाला. शाळेतही तो प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहायचा.

दोन दिवस दिनकरराव सुखात होते. दर तासाला ते पडद्यावर कुरडयांची हजेरी घ्यायचे. एकोणीस, वीस, एकवीस. वानर आलं की जिन्याच्या तोंडाशी जाऊन "कोण आहे रे तिकडं" म्हणायचे, आणि वानरंसुद्धा वर्गातल्या पोरांसारखी पळायची. दिवसातून एकदा मात्र ते जिना चढून जात आणि गच्चीवर कुणी नाही असं समजून वरच्या पायरीवर बसून नर्मदाबाईंशी दोन शब्द बोलत. "जमतंय गं," असं म्हणत. "आकार जाऊ दे. चव बघ."

हे शब्दही हवेतून जात होते. जिंतूरला तेव्हा दुपारी टीव्हीवर काहीच नसायचं. समोरच्या घरातले भगवानराव, तहसीलमधले कारकून, नवा घेतलेला टीव्ही चालतो का म्हणून सुट्टीच्या दुपारी लावून बसले, तर पडद्यावर कुरडया.

"शेतकऱ्यांसाठी काहीतरी दाखवायलेत," ते बायकोला म्हणाले.

सुलाबाई पदराला हात पुसत आल्या. "दिल्लीवाल्यांना कुरडया येत नसतील तर दाखवाव्यात कशाला? काय ते ध्यान." मग त्या पुढं वाकल्या आणि पडद्याजवळ जाऊन साडीचा काठ निरखू लागल्या. "अवो, ही साडी नर्मदाबाईंची हाय."

तेवढ्यात पडद्यातून आवाज आला, "जमतंय गं." सुलाबाईंनी टीव्ही बंद केला आणि धुरपताबाईंच्या घरी गेल्या. तिथं टीव्ही चालूच होता, आणि धुरपताबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. गल्लीत सात टीव्ही होते. संध्याकाळपर्यंत सातही घरांना सगळं कळलं होतं, धुरपताबाईंनी भिंतीआडून ऐकलेल्या पैजेसकट. दिनकररावांना मात्र कुणी काही सांगितलं नाही.

आखितीच्या आदल्या दुपारी दिनकरराव खाटेवर पडले होते. पडद्यावर काहीतरी हललं. ते उठणार, तर ते वानर नव्हतं, धुरपताबाई होत्या. मागच्या भिंतीवरून गच्चीवर आल्या होत्या. मागोमाग सुलाबाई, हातात झाकलेली दुरडी.

"मास्तर घोरायलेत ना? बघून आलीस का?" टीव्हीतल्या धुरपताबाईंनी विचारलं.

"आता बघते," टीव्हीतल्या सुलाबाई म्हणाल्या आणि जिन्याकडं निघाल्या.

दिनकररावांनी डोळे मिटले. आपण असं का केलं, हे त्यांना पुढं कधी नीट सांगता आलं नाही. जिन्यावर पावलं वाजली, खिडकीशी थांबली. ते घोरू लागले. उगाच घोरणं फार अवघड असतं. मध्येच त्यांना ठसका आला, तो त्यांनी घोरण्यातच बसवला.

पावलं परत गेली. त्यांनी एक डोळा उघडला. पडद्यावर दोघी जणी त्यांच्या कुरडया उचलून दुरडीतल्या कुरडया साडीवर मांडत होत्या. पांढऱ्याशुभ्र, गोल, जाळीदार.

"एकवीसच ठेव. मास्तर हजेरी घेतो."

"नीट दिसायलंय का, विचारा ना आमच्या घरी."

धुरपताबाई कॅमेऱ्यासमोर आल्या, पडदाभर झाल्या आणि ओरडल्या, "भगवानराव, दिसायलंय का?"

समोरच्या घरातून उत्तर आलं, "दिसायलंय. तुमी जरा सरका."

दिनकरराव खाटेवर ताठ बसले. म्हणजे सगळी गल्ली बघत होती. म्हणजे वरच्या पायरीवर बसून ते जे बोलले तेही. कान तापले. आणि डोळ्यांदेखत चाललंय काय, तर कॉपी. पस्तीस वर्षांत पाहिली नाही अशी सामुदायिक कॉपी, आणि पेपर त्यांचा स्वतःचा. उठून जिन्याशी जायचं आणि एक हाक मारायची, एवढंच काम होतं. त्यांनी पाय खाली सोडले.

"ही एक राहू द्या," टीव्हीत सुलाबाई म्हणत होत्या. त्यांच्या हातात सगळ्यात वेडीवाकडी कुरडई होती. "मधोमध ठेवते. आमच्यात आखिती न्हाई, मला ते कळत न्हाई. पण बाईंना सरांच्या हातची एक तरी नको का?"

दिनकररावांनी पाय पुन्हा वर घेतले, भिंतीकडं तोंड केलं आणि घोरू लागले. आता ऐकायला कुणी नव्हतं, तरी बराच वेळ घोरत राहिले.

दारावरची कडी वाजली तेव्हा चार वाजले होते. गीता उभी. "उद्या बंद हाय म्हणे, गाड्या निघणार नाहीत. म्हणून आजच आले. दाखवा कुरडया."

ती स्वतःच गच्चीवरून चार घेऊन आली. तेल तापवलं. पहिली कुरडई फुलून कढईभर झाली. गीतानं तुकडा मोडून तोंडात टाकला. "जिरं हाय यात." दुसरी तळली. "ही तिखटमिठाची." तिसरी. "ही गोडसर." गॅस बंद करून ती वळली. "अण्णा, एका पातेल्यातल्या चिकाला तीन घरांची चव कशी आली?"

दिनकररावांसमोर उभी राहून हजार मुलं असा घाम पुसत गेली होती. आता त्यांनी तो पुसला. "वर चल," ते म्हणाले. "वर सांगतो."

गुडघ्यावर हात ठेवत ते जिना चढले. साडीसमोर उभं राहून, मुलं जशी पाठ केलेलं म्हणतात तसं एका दमात, त्यांनी सगळं सांगितलं. "मी जागा होतो. पाहिलं. थांबवलं नाही. ही मधली तेवढी माझी आहे, तिला वानरानंही नाकारलंय." मग ते म्हणाले, "बॅग भरतो. सकाळी गाडी नसेल तर परवा निघू."

गीतानं वाकून मधली कुरडई उचलली. साडीच्या काठावरून एकदा हात फिरवला. मग भिंतीपलीकडं, समोरच्या दाराकडं पाहिलं. सगळी दारं उघडी होती आणि बाहेर कुणीच नव्हतं.

"कॉपी केलीत," ती म्हणाली.

"केली."

"मग नापास."

"हो."

"सातवीत तुमी मला नापास केलं तेव्हा मी दोन दिवस रडले. तुमी काय म्हणालाव आठवतं? नापास झालेल्यानं त्याच वर्गात बसायचं असतं, त्यात लाज कसली." तिनं कुरडई जपून पदरात बांधली. "बसा मग त्याच वर्गात. तुमाला कुठं न्यायचा मला अधिकारच न्हाई. ही उद्या आईच्या पानात."

दिनकररावांनी साडीची वाऱ्यानं उलटलेली कड सरळ केली. तेवढ्यात समोरच्या घरातून भगवानरावांचा आवाज आला, बायकोला विचारत असलेला, पण गल्लीभर ऐकू येईल असा. "नापास म्हंजे हितंच ऱ्हायले का सर?"

बापलेक दोघेही सावकाश वळले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कॅमेरा त्यांच्याकडं पाहत होता.

दिनकररावांनी सदरा नीट केला, चष्मा वर सरकवला आणि वर्गासमोर उभं राहावं तसे त्याच्यासमोर उभे राहिले. "उद्या बारा वाजता सगळ्यांनी जेवायला यायचं," ते म्हणाले. "सगळ्यांनी. सुलाबाई, तुम्हीसुद्धा. उशीर चालणार नाही." मग आवाज थोडा उतरला. "आणि धुरपताबाई, गव्हाचं पाणी मी बदललं नव्हतं."

भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं.

"वास आला होता, सर."