डॉक्टरांचा आडवा कायदा

डॉ. पास्कल डिमेलो यांच्याशी उभ्याने भांडता येत नाही. पाचूबंदरच्या वाटेवरच्या त्यांच्या वाडीत पाऊल टाकलं की ते ओसरीतल्या बाकड्याकडे बोट दाखवतात. "आधी आडवा हो."

मी पहिल्यांदा गेलो तो पत्रकं घेऊन. टँकरवाले विहिरी उपसत होते, खाली समुद्राचं पाणी शिरत होतं, आणि मी माणिकपूरच्या नाक्यावर घसा कोरडा करत होतो. पत्रकाचं शीर्षकच होतं, 'आमच्या विहिरी खाऱ्या कोणी केल्या?' ते वाचून दाखवण्याआधी मी बाकड्यावर उताणा पडलो होतो आणि माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा होता.

"उभ्या माणसाचे हार्मोन वेगळे, आडव्याचे वेगळे," ते म्हणाले. "पडून राहा. मग बोल."

आडवं पडून क्रांतीबद्दल बोलणं फार कठीण असतं. नंतर कळलं, सणाची वर्गणी मागायला आलेले फादरही याच बाकड्यावर पडून गेले होते. मीटर बघायला येणारा माणूस तर हल्ली आपणहून चपला काढतो.

डॉक्टर औषधं देत नाहीत. ते मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधक आहेत. उंदरांना खारं पाणी पाजायचं आणि त्यांच्या मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथीतून काय झिरपतं ते बघायचं, हे त्यांचं आयुष्य. लग्न करायचं राहून गेलं. घरात ते आणि त्यांची आई, फिलोमिना मावशी.

"त्या ग्रंथीतला हार्मोन शरीराला सांगतो, मीठ सोडू नकोस, साठव," त्यांनी मला समजावलं.

"म्हणजे साठेबाज."

"त्याला लगेच वर्गशत्रू करू नकोस, पत्रकवाल्या. तो नसेल तर तू मरशील."

मी गोंधळलो. माझ्या पत्रकांत साठेबाज नसला तर सगळे जगायचे.

विहिरींसाठी आम्ही सभा भरवणार होतो आणि मला ते तिथे हवे होते. संशोधकाने व्यासपीठावरून सांगायचं, की खाऱ्या विहिरींमुळे लोकांचा रक्तदाब वाढतोय. एवढंच. पण ते म्हणायचे, "तसं म्हणता येत नाही." मिठामुळे दाब वाढतो का? "काहींचा." मग आपल्या लोकांचा? "तपासलेलं नाही." सूर्य उगवला का विचारलं असतं तरी त्यांनी आधी खिडकीशी जाऊन बघितलं असतं. हा माणूस भित्रा आहे की विकला गेलाय, हेच मला ठरवता येईना.

सभेच्या दिवशी पहाटेच त्यांना गाठायचं म्हणून गेलो. ओसरीपुढे स्कूटर उभी होती. डॉक्टर घामाघूम होऊन प्लास्टिकच्या कॅनमधलं पाणी घरातल्या माठात ओतत होते.

"कुठलं पाणी?"

"हळू बोल. कामण गावचं, तिथे अजून गोडं लागतं. मावसबहिणीकडून आणतो, रोज."

"मग तुमची विहीर?"

"खारी झाली. आयला माहीत नाही. गुडघ्यांमुळे ती तिथवर जात नाही." त्यांनी कॅन उपडा धरला. "ती विहीर बाबांनी खणली. आय दुसरं पाणी तोंडात घेत नाही. हे बाहेरचं आहे असं कळलं तर उद्यापासून विहिरीचंच मागेल. तिचा दाब आधीच गोळ्यांना जुमानत नाही. मी व्यासपीठावर आपल्या विहिरी खाऱ्या म्हणालो, तर चर्चमध्ये मिस्साला जाणाऱ्या बायका दुपारच्या आत तिला सांगतील."

म्हणजे ज्या सत्यासाठी मी नाक्यावर ओरडत होतो, ते या घरात एका बाईच्या जिवावर बेतणार होतं.

मावशी भिंत धरत बाहेर आल्या. माठातून पेला भरून त्यांनी मला दिला. "घे. आमच्या विहिरीचं पानी. तुमच्या बिल्डिंगीत असलं मिळायचं नाय. कसं लागतं?"

पत्रकांचा गठ्ठा काखेत होता. मी प्यालो. "गोड आहे, मावशी."

खरंच गोड होतं. तरी खोटं बोलल्यासारखं का वाटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मावशींचा चेहरा खुलला. त्यांनी दुसरा पेला भरून मुलाला दिला. "सगल्यांच्या विहिरी बिघडल्या म्हन्तात. तुझ्या बाबानं जागा बरोबर धरली व्हती."

डॉक्टरांनी पायाने रिकामा कॅन दाराआड सरकवला.

"हो आय," ते म्हणाले. "बरोबर धरली होती."