तात्या शपथेवर काही सांगत नाहीत

माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमले नव्हते. त्यानंतर शाळाच सुटली. वाचताना कुठं अडलं तर माझी चूक समजून पुढं जावं. पण आमच्या तात्यांबद्दल कोणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि ते स्वतः तर एक ओळ लिहून देणार नाहीत. दिलीच तर खाली लिहितील, "असं असावं."

तात्या माझे चुलत सासरे. ओतूरच्या अलीकडं मळ्यात आमची घरं एका भिंतीला लागून आहेत. सत्तरी उलटली, डोक्याला लाल पागोटं, मागं तीसेक मेंढरं. हा माणूस कोणतीच गोष्ट पक्की सांगत नाही. चहा देऊन विचारलं, "तात्या, गोड झालाय का?" तर घोट घेऊन, जीभ फिरवून म्हणतात, "गोड असावा."

एस्टीत कंडक्टरनं विचारलं, "बाबा, कुठं?"

"जुन्नरला जायचं असावं."

"बाबा, आधी ठरवा राव, मागं गर्दी हाय!"

शेजारच्या पोराचं लग्न जमत होतं. पाहुणे चौकशीला आले. मुलगा कसा आहे, म्हणाले. तात्या म्हणाले, "मी बघत व्हतो तेवढा वेळ चांगला व्हता." सोयरीक मोडली. पोराची आई सहा महिने आमच्याशी बोलली नाही. तात्यांशी नाही ते ठीक, माझ्याशीही नाही.

एकदा माझी कोंबडी गेली. वरच्या आळीतल्या बाईला ती पदराखाली नेताना मी पाहिलं होतं. तात्या उंबऱ्यावर बसले आणि सुरू झाले.

"कोंबडी बघितली का पदर बघितला?"

"पदर. पण फुगलेला."

"किती लांबून? ऊन डोळ्यावर व्हतं का? कोंबडी गेली हे कळायच्या आधी बघितलं का नंतर आठवलं?"

दिवसभर कांदे काढून माझी कंबर मोडली होती. त्यांचे प्रश्न संपले तेव्हा माझ्याकडे कोंबडी होती की नाही, याचीच मला खात्री राहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती कडब्याच्या गंजीमागं अंड्यांवर बसलेली सापडली. तात्या तिच्यापुढं मूठभर दाणे टाकून निघून गेले. चार शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं.

रेशनच्या दुकानात तर कहर. दुकानदारानं कार्डावरचा फोटो पुढं केला. "तुमचाच ना?"

तात्यांनी निरखून पाहिलं. "असा एकच फोटू दाखवून 'तुमचाच ना' म्हणू नका. आणखी चार म्हाताऱ्यांचे ठेवा शेजारी. त्यातनं मी माझा काढतो."

मागं रांगेत बाया हसत होत्या. मी मान खाली घालून पिशवी चुरगाळत होते. हसणाऱ्यांना माहीत नव्हतं की हा विनोद नाही.

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी धुक्याच्या पहाटे तात्यांच्या मेंढरांच्या वाड्यातून चार मेंढ्या चोरीला गेल्या. घोंगडी पांघरलेला एक माणूस त्यांनी पाठमोरा पाहिला. क्षणभर त्यानं मागं वळून बघितलं, तेवढंच. दोन दिवसांनी त्यांना पोलीस चौकीत बोलावलं. बाकावर एकच माणूस बसला होता. तिथला एक जण म्हणाला, "हाच का बघ." जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात भात लावणारा भिवा होता तो. मजुरीसाठी आमच्या भागात उतरला होता, अंगावर घोंगडी होती.

"आधी मला तो 'असावा' असाच वाटला व्हता," तात्या सांगतात. "पण दर वेळी सांगायचो तसं त्याचं तोंड धुक्यातनं लख्ख दिसाया लागलं. कोर्टात हुबं ऱ्हाईपर्यंत तर त्याच्या भुवईवरचा तीळबी मला पहाटंच दिसला व्हता."

भिवाच्या वकिलानं विचारलं, इतक्या धुक्यात माणूस कसा ओळखलात? तात्या ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, माझी दीडशे मेंढरं मी धुक्यात तोंडावरनं ओळखतो. हा तर एकच माणूस हाय." कोर्ट हसलं. सगळ्यांना पटलं. भिवाला शिक्षा झाली.

वर्ष व्हायच्या आत चाकणच्या बाजारात तात्यांना आपली एक मेंढी दिसली. ती त्यांनी बरोबर ओळखली. विकणाऱ्यानं पुढं चोरीही कबूल केली. उंच, गोरा, भुवईवर तीळ नाही. भिवाशी कुठूनच मिळत नव्हता.

तात्या त्याच दिवशी भिवाच्या वकिलाकडं गेले आणि आपलं चुकलं असं लिहून दिलं. भिवा सुटला. पण अकरा महिने आत गेले, आणि वकिलापायी बैलजोडी गेली होती.

तेव्हापासून दर वर्षी कोकरं विकली की तात्या बैलांचे पैसे थोडे थोडे पोचवतात. त्यांना कोणी मागितले नव्हते. मोजायला मला नेतात, कारण स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही. आधी एस्टी, मग जीप, मग चढण. दर वर्षी भिवाभाऊ ओट्यावर बसलेले असतात. दर वर्षी पैसे घ्यायच्या आधी एकच विचारतात, "वळखलं का मला?" तात्या खाली बघतात. मग मी नोटा पुढं करते आणि पाणीही न पिता आम्ही उतरतो. परतताना तात्या म्हणतात, "घेतले म्हंजे राग कमी झाला असावा." मला तसं कधी वाटलं नाही, पण चढउतारानं बोलायचं त्राण उरत नसे.

यंदाचा हप्ता शेवटचा होता. मेंढरं विकत विकत तिसावर आली होती. भिवाभाऊ आता काठी धरून बसले होते.

"वळखलं का मला?"

तात्या या वेळी खाली बसले. मेंढराचं धरतात तसं त्यांनी भिवाभाऊंचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उजेडाकडं वळवलं. किती तरी वेळ बघत राहिले. कपाळ, भुवई, तीळ, पडलेले दात.

"तुमी भिवा," तात्या म्हणाले. "त्या पहाटं तुमी नव्हता. शपथेवर सांगतो."

भिवाभाऊंनी त्यांचे हात बाजूला केले नाहीत. मी नोटा मोजायला घेतल्या, तर घरात बघून म्हणाले, "पाणी आणा गं पावण्यांना." मग माझ्या हातातून नोटा तशाच घेऊन त्यांनी बंडीच्या खिशात घातल्या.

"ऱ्हाऊ दे सुनबाई, मोजू नका. फिटले."