धोंडूची पेटी

धोंडूने पाण्याची वाटी पुन्हा एकदा उलथवली आणि मधुसूदनने पेटीच्या तळाची फळी दाबून पाहिली तेव्हा ती भिजल्या भाकरीसारखी मोडली. धोंडू म्हणजे त्याच्या बायकोचं, सुचित्राचं कासव. घाटंजीच्या तहसील कचेरीत कारकून असलेल्या मधुसूदनने त्याच दिवशी नवी सागवानी पेटी करायला टाकली आणि ठरवलं, या लाकडात पाण्याचा थेंब शिरू द्यायचा नाही.

त्याने आधी डांबर आणलं.

"हे कायले आणलं?" सुचित्रा म्हणाली. "तो दिवसभर लाकूड चाटते. विष घालता काय त्याले?"

डांबर परत गेलं. व्हार्निश आणलं, तर डबा उघडताच दोघांचंही डोकं धरलं. शेवटी पेटी करणारा मन्सूरभाई म्हणाला, "बाबू, लाख लावा. स्पिरिटात पातळ करून दोन हात मारा. स्पिरिट उडून जाते, लाख राह्यते. बाया लाखेच्या बांगड्या जल्मभर घालतात, कोनाले काही झालं काय?"

"बांगड्या कोणी चाटत नाही," सुचित्रा म्हणाली.

"वास पूर्ण गेल्याशिवाय धोंडू आत जाणार नाही," मधुसूदनने निक्षून सांगितलं. "आधी मी जाईन."

अख्खा मधुसूदन पेटीत मावणार नव्हता. म्हणून रविवारी लाखेचा दुसरा हात मारून झाल्यावर तो अंगणात पालथा झाला, डोकं पेटीत घातलं आणि वरून चादर ओढून घेतली. धोंडूला जन्म काढायचा, तर आपण थोडा वेळ तरी काढावा, असा त्याचा विचार. उठला तेव्हा डोळे लालभडक झाले होते आणि पाय ठरलेल्या जागी पडत नव्हते. शेजारच्या रजनीवहिनी कुंपणावरून पाहत होत्या.

"भावजी, हे काय करून राह्यले?"

"कासवासाठी, वहिनी," मधुसूदन जड जिभेने म्हणाला.

दारूबंदीचे दिवस होते. रजनीवहिनींनी ही गोष्ट फक्त आपल्या यजमानांना सांगितली. तरी संध्याकाळी नायब तहसीलदार कमलाकरराव स्वतः दारात उभे. सरकारी माणूस पिऊन सापडला, तर नोकरी जायला वेळ लागत नसे.

"मधुसूदन, तुमच्या अंगाले वास येऊन राह्यला. स्पिरिट कोणासाठी आणलं?"

"कासवासाठी, साहेब."

"कासव पिते?"

"नाही साहेब. चाटते."

साहेबांचा चेहरा आणखी कडक झाला. तेव्हा सुचित्रा पुढे झाली. "साहेब, हा वास यांचा नाही, पेटीचा आहे. तुम्हीच डोकं घालून पाहा ना."

कमलाकरराव तपासाला पक्के होते. त्यांनी टोपी काढून ठेवली, गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं.

"नीट समजत नाही," आतून आवाज आला. "चादर टाका."

मधुसूदनने चादर टाकली. साहेबांनी तपास मनापासून केला; बराच वेळ केला. मग ते बाहेर आले, डोळे पुसले, टोपी उलटी घातली आणि तोल सावरायला मधुसूदनचा खांदा धरला.

"तुम्ही निर्दोष आहात," ते म्हणाले.

"अगं माय! साहेबसुद्धा?" कुंपणापलीकडून आवाज आला आणि रजनीवहिनी दिसेनाशा झाल्या.

साहेब मटकन बाजेवर बसले. "बाई, चहा टाका," ते हळूच म्हणाले, "आणि फाटक लावून घ्या. वास जाईपर्यंत मी इथून हलत नाही."

पण ते घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

मधुसूदनने हट्ट सोडला नाही. तो रोज पेटी उन्हात ठेवी आणि रोज डोकं घालून पाही. वास पार गेला, तेव्हा कुठे धोंडू आत गेला. त्याने फळी चाटली, वाटी उलथवली आणि पाय आत ओढून झोपला. पाणी अळूच्या पानावरच्यासारखं फळीवर नुसतं फिरत राहिलं. सुचित्राने ते फडक्याने टिपलं आणि पहिल्यांदा मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कमलाकरराव मधुसूदनच्या टेबलाशी येऊन वाकले.

"वाळली काय हो पेटी?"

"वाळली, साहेब. धोंडू मजेत आहे."

"मंग त्याले घेऊन आज घरी या. बायको आठ दिवसांपासून माझ्याशी बोलून नाही राह्यली."

"आणतो साहेब."

"आणि पेटीसकट आणा," साहेब इकडेतिकडे पाहत म्हणाले. "नुसत्या कासवावर ती मानणार नाही."