पाचोडच्या बोकडकाट्याची मोहीम

श्रीकृपेकरून पाचोडच्या आठवडी बाजारी वजनकाट्याचा अंधारला पडदा सरोजिनीबाईंनी कोणत्या हिकमतीने उजळला, ती हकिकत यथास्थित कलमबंद केली असे.

सरोजिनीबाई संभाजीनगरी पुंडलिकनगरच्या, काट्यातील संगणकाच्या कारभारीण. पाचोडास शेळ्या पाळणाऱ्या दगडाबाईंस त्यांनी वचन दिले होते जे, यंदा तुमचा बोकड नजरेने नव्हे, काट्याने विकेल. म्हणोन बाई जातीने हजर जाहल्या, आणि बोकड काट्यावर आरूढ जाहला, आणि कळ दाबली. मग पडदा काळाठिक्कर! बन्सी व्यापारी, नजरेने तोलण्यात मातबर, हसोन बोलिला, "काटा झोपला व्हय? द्या सोडून. हलकंच हाय जनावर." दगडाबाई कडाडल्या, "हलकं? लई पाला खाल्लाय त्यानं!" परंतु सरोजिनीबाईंकडे पाहिले, त्या नजरेत विश्वास डळमळला होता. सरोजिनीबाईंस मेल्याहून मेले जाहले.

तों लॅपटॉप जोडून तपास केला. दस्तूर ऐसा जे, संगणकाचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, जागा होताच पोटातले ड्रायव्हर, म्हणजे एकेका यंत्राचे हवालदार, दर्जावार पुकारतो. आणि दर्जा एक असल्यास ज्या क्रमाने गाभ्यात ओविले त्याच क्रमाने हाक पडते. पूर्वी विजेचा हवालदार आधी, पडद्याचा मागाहून. परंतु कचेरीतील केशवराव, टापटिपीचे भोक्ते, यांनी आदले दिवशी हवालदारांची सारी यादी अकारविल्हे लाविली. मग पडद्याचा हवालदार आधी उठला, त्याने वीज मागितली, देणारा अद्याप निजलेला, आणि हा मानकरी रुसोन जो बसला तो बसलाच.

केशवरावांस फोन गेला. जबाब आला जे, यादी सुबक आहे, हात लावू नये. बाई बोलल्या, "राहू द्या सुबक, केशवदादा. मी पडद्यालाच वळण लावते." आणि पडद्याच्या हवालदारास हुकूम लिहिला जे, वीज न मिळाल्यास रुसू नये, 'मागाहून बोलवा' म्हणावे, गाभा पुन्हा पुकारील तेव्हा रुजू व्हावे.

नवा गाभा तयार होईतों बोकडाने बन्सीच्या उपरण्याचे टोक फस्त केले. मग कळ दाबली. विजेचा हवालदार उठला, पडद्यास दुसरी हाक पडली, आणि आकडा लखलखला. बन्सीच्या अंदाजाहून पुष्कळ भारी! बन्सी गर्जला, "खोटं बोलतंय यंत्र!" आणि शहानिशा करावयास स्वतः काट्यावर चढला. पडद्याने त्याचेही वजन भर बाजारी जाहीर केले. दगडाबाई म्हणाल्या, "हे मातर खरं हाय." बाजार खदखदला आणि बन्सी उतरोन मुकाट्याने काट्याचा भाव देता जाहला.

येणेप्रमाणे पाचोडी फत्ते जाहली. केशवरावांची यादी सुबकच राहिली. सरोजिनीबाई गरम भजी खाऊन एसटीने शहरी दाखल जाहल्या. इति.