भलत्याच टेबलावरचा नकार

चष्मेवाल्यांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. कोणाला 'नाही' म्हणायचं तर ते त्यांनीच म्हणावं. नंबर वाढलाय, एका डोळ्याने आता कमीच दिसणार, असलं सगळं ते दुकानात बसून अशा काही सुरात सांगायचे की गिऱ्हाईक रडायच्या ऐवजी नवी फ्रेम निवडून, वर आभार मानून जायचं. त्यामुळे धाकट्या मेहुणीने भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंशी त्यांची भेट ठरवली तेव्हा ते डगमगले नाहीत.

"भाऊजी, ताईला जाऊन दोन वर्षं झाली. नुसतं भेटून तर घ्या."

"भेटतो. पण माझं उत्तर नाही असंच आहे. आणि ते असं देईन की बाईंना वाटेल, नकार आपणच दिला."

"ते तुमचं तुम्ही बघा. खिडकीजवळचं टेबल आहे, त्यांची शाल निळी असेल. मी त्यांना तिथे पोचवते आणि जरा बाजूला होते."

हॉटेल नवंच निघालं होतं. एका ताटलीत तीन देश वाढतात अशी त्याची ख्याती होती. दाराशी बांबू, आत कागदी कंदील, आणि कंदिलांचा उजेड इतका बेताचा की समोरचा माणूस आहे की खांब, हे हात लावून बघावं लागे. अशा उजेडात माणसाला रंग कळत नाहीत, हे चष्मेवाल्यांनी आयुष्यभर लोकांना समजावलं होतं. त्या संध्याकाळी स्वतःला समजवायचं तेवढं राहून गेलं. खिडकीजवळ शाल पांघरून एक बाई एकट्या बसलेल्या दिसल्या आणि ते थेट जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

"नमस्कार. इथे ज्याला पाठवलंय, तो मीच."

बाई दचकल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, "बसा ना, बसा."

चष्मेवाले बसले आणि ठरल्याप्रमाणे सुरात बोलू लागले. "मी आडपडदा ठेवत नाही. माणसाला उगाच आशेवर ठेवणं मला पटत नाही. तेव्हा उत्तर नाही असंच आहे. तुमचा यात काही दोष नाही."

"दोष माझाच आहे," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

बाई मेहुणीला काहीतरी बोलल्या असणार, असा चष्मेवाल्यांनी हिशेब लावला. "जाऊ द्या. झालं गेलं उगाळू नये."

"थोड्या दिवसांनी मन बदलेल का हो?"

"नाही बदलणार. जीव एकीच्याच ठायी आहे. आता तिथे दुसऱ्या कोणाला जागा नाही."

"हो," बाई पुटपुटल्या. "तिच्यावरूनच तर सगळं झालं."

एवढ्यात वेटरने दोन कॉकटेल आणून ठेवली. दोन्ही पेल्यांतून पांढराशुभ्र धूर भसाभसा बाहेर पडत होता. चष्मेवाल्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पाण्याचा जग उचलला आणि दोन्ही पेले विझवले. पाणी टेबलभर झालं, वेटरच्या बुटांत गेलं.

"साहेब," वेटर शांतपणे म्हणाला, "तो धूर मुद्दाम केलेला होता."

पुसापुशी आणि माफी आटोपून चष्मेवाले वळले तर समोरची खुर्ची रिकामी. त्याच वेळी फोन वाजला.

"भाऊजी, आहात कुठे? बाई कधीच्या येऊन बसल्यात. वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी."

चष्मेवाल्यांनी वेटरकडे पाहिलं. "या बाई कोणाची वाट बघत होत्या?"

"मुलाची आणि सुनेची. तिघांचं टेबल आहे. मुलाला धुराचं ड्रिंक आवडतं म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी."

आपण कोणाच्या वतीने कोणाला काय सांगून बसलो हे चष्मेवाल्यांच्या ध्यानात आलं, आणि फोन चालूच ठेवून ते रस्त्यावर धावत सुटले.

बाई बसथांब्यावर उभ्या होत्या. दिव्याखाली शाल चांगली हिरवीगार दिसत होती.

"बाई, माझी चूक झाली. मी दुसऱ्याच कोणाला नाही म्हणायला आलो होतो. तुमच्या मुलाला मी ओळखतसुद्धा नाही."

"त्याने तुम्हाला पाठवलं नाही?"

"मला मेहुणीने पाठवलं."

बाईंनी पदराने तोंड पुसलं. "मग तो येईल," त्या म्हणाल्या, आणि इतक्या झपाझप परत निघाल्या की चष्मेवाल्यांना त्यांना गाठताना धाप लागली.

टेबलाशी आल्यावर बाईंनी केस सारखे केले आणि दोन्ही पेले पुन्हा मागवले. चष्मेवाले वर जायला वळले तेव्हा त्या म्हणाल्या, "तो येईपर्यंत बसता का? एकटीने दाराकडे बघत बसलं की लोक बघतात."

त्यांना नाही म्हणणं चष्मेवाल्यांना जमलं नाही.

मग बाईंनी सांगितलं. लेकाने लग्न करून सून घरी आणली, त्या दिवशी त्या चौकटीत उभ्या राहून म्हणाल्या होत्या, 'ही माझी कोणी नाही.' लेकाने बूटसुद्धा काढले नाहीत, तसाच माघारी गेला. आता कुठे दुसऱ्या कोणाकडून त्याचा नंबर मिळवून त्यांनी इथे बोलावलं होतं. "बघतो म्हणालाय," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासूनच तो तसा. येणारच असला तरी बघतो म्हणायचा."

दार उघडलं की दोघांच्या माना वळत. खाणं आलं. चष्मेवाल्यांनी दोन काड्यांत मोमो धरला. तो उसळून सुपात पडला आणि सूप बाईंच्या बाहीवर उडालं. बाई त्या संध्याकाळी तेवढ्याच एकदा हसल्या. चष्मेवाले रुमालाने बाही टिपत असतानाच मेहुणी आणि भूगोलाच्या बाई जिना उतरून पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी," मेहुणीच्या तोंडून एवढंच निघालं.

भूगोलाच्या बाईंनी निळी शाल नीट केली. "मीही नाही म्हणायलाच आले होते," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी तरी तुम्ही समोर यायला हवं होतं." आणि त्या निघून गेल्या. मेहुणी त्यांच्यामागे धावली.

धूर विरून गेला. पेल्यातला बर्फ वितळला. मग बाईंचा फोन टुणकन वाजला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, शेवटी पुढे केला.

"वाचता का? चष्मा घरीच ठेवलाय. लेक इतक्या दिवसांनी बघणार, म्हातारी दिसायला नको म्हटलं."

चष्मेवाल्यांनी वाचलं. 'येत नाही. तिला कोणी नाही म्हणालीस, तेव्हाच मीही तुझा कोणी राहिलो नाही. पुन्हा बोलावू नकोस.'

इतक्या वर्षांचा तो सूर त्यांनी घशात खूप शोधला. सापडला नाही.

"आज जमत नाही म्हणतोय," ते म्हणाले.

"एवढंच? मोठं दिसतंय."

"गडबडीत आहे. पुन्हा कधीतरी, असं लिहिलंय."

बाईंनी फोन परत घेतला आणि पदराने त्याची काच पुसली. "मघाशी तुम्ही किती सरळ सांगितलं होतंत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सुनेसाठी मांडलेली ताटली पुढे ओढली. दोघांनी तीन माणसांचं जेवण जमेल तेवढं संपवलं.

चष्मेवाले त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. बस आली. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि काच सरकवून हात हलवत म्हणाल्या, "पुन्हा कधीतरी म्हणालाय ना, मग येईल."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली, हातही हलवला. घरी पोचल्यावर बाई सगळ्यात आधी चष्मा लावतील, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बस वळण घेऊन दिसेनाशी झाली होती.